वारं न लागणारी न्हाणी

जोतिरामला आयुष्यात एकाच प्रश्नाची हौस होती. कुणी घरी यावं, चहा घ्यावा, इकडंतिकडं बघावं आणि विचारावं, "हे कुणी केलं हो?" मग तो लगेच उत्तर द्यायचा नाही. आधी दोन्ही तळवे बनियनला पुसायचा, जरा थांबायचा आणि मग म्हणायचा, "म्या केलं." एवढं म्हणायला मिळावं म्हणूनच त्यानं अर्धंअधिक घर स्वतःच्या हातानं उभं केलं होतं.

मूळचा तो मंद्रूपचा. आजा मेंढरांमागं फिरला, बाप दुसऱ्याच्या रानात राबला, आणि जोतिराम मिसरूड फुटायच्या आत सोलापुरात येऊन टॉवेलच्या कारखान्यात चिकटला. बॉबिनी उचलता उचलता फिटर झाला. हातात कसब होतं, हे त्याच्या वैऱ्यानंही मान्य केलं असतं. नुसत्या आवाजावरून कुठल्या मागाचा धागा तुटलाय ते तो लांबून सांगायचा. शेळगीत दोन खोल्यांची जागा घेतली तेव्हा गिलावा त्यानंच केला, पत्र्याखालचे अँगल त्यानंच जोडले, पाण्याच्या टाकीचा चौथराही त्याचाच. मिस्त्रीचं नाव काढलं की त्याचं तोंड कडू व्हायचं. "मिस्त्री लावला म्हंजे सिमेंट त्येच्या घरी आन वाळू आपल्या घरी," असं त्याचं ठाम मत. बायको मायाक्का वैतागून म्हणायची, "अवो, तुमी मेल्यावर सरण तरी दुसऱ्याला रचू द्या की." त्यावर तो खुशीत हसायचा.

घरात एकच गोष्ट त्याच्या हाताखालून जायची राहिली होती, ती म्हणजे अंगणातली न्हाणी. तीन भिंती, खालून कुत्रं शिरेल एवढी फट असलेलं पत्र्याचं दार, पोट खपाटीला गेलेली शहाबादी फरशी आणि डोक्याच्या वर सिमेंटची जाळी. त्या जाळीत चिमण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बिऱ्हाड केलेलं. उन्हाळ्यात तिथं अंघोळ करायला बरं वाटायचं आणि थंडीत कुडकुडत आटपायचं, एवढंच.

लेकीच्या डोहाळजेवणाला करमाळ्याच्या विहीणबाई आल्या आणि पाय धुवायला त्या न्हाणीत गेल्या. बाहेर आल्या त्या हसतच. बोलल्याही गोड. "दिपालीचं बाळंतपण आमच्याकडंच केलं तर चालंल का? घरातच बाथरूम आहे, नळाला गरम पाणी आहे. तुम्हाला कशाला उगीच तरास?" यात रागावण्यासारखं काही नव्हतं, आणि तीच खरी अडचण होती. पहिलं बाळंतपण माहेरचं. ते सासरी झालं तर लोक विचारतात, आणि लोकांनी नाही विचारलं तरी बाप स्वतःला विचारत राहतो. जोतिरामच्या छातीत ते शब्द रुतून बसले.

"बाळंतपण हितंच हुईल, विहीणबाई," तो म्हणाला. "न्हाणीचं मी बगतो."

बघणार कशानं, हा प्रश्न होताच. भिशीचे पैसे दवाखान्यासाठी बांधून ठेवलेले, त्याला हात लावायचा नाही असं मायाक्कानं बजावलं होतं. मग त्यानं आपला नेहमीचा मार्ग धरला. टाइल्सच्या दुकानात मागच्या बाजूला उरलेले, कोपरे उडालेले तुकडे पडलेले असतात, ते थोडे थोडे सायकलवरून आणले. कुणाचा फ्लॅट पाडत होते तिथून प्लास्टिकचं दार मिळालं. आणि भंगारवाल्या मौलाकडं त्याला गॅसचा गिझर दिसला. पत्र्याला जरा पोचे पडलेले, पण काडी लावताच पेटला. वरचा धूर बाहेर नेणारा पाइप मात्र नव्हता.

"पाइप कुटं हाय ह्येचा?" जोतिरामनं विचारलं.

"काय कू पाइप, चाचा? ऊपर जाली है ना न्हानी में?"

"हाय की," जोतिराम म्हणाला. तेव्हा ती होती.

पाळी सुटली की तो थापी हातात घ्यायचा, आणि सुट्टीच्या दिवशी तर जेवायलाही उठायचा नाही. जुनी फरशी फोडली. पाणी नेमकं मोरीकडं जावं म्हणून ओल्या सिमेंटवर काचेची गोटी सोडून उतार बघितला. टाइल्स कशाला काही जुळत नव्हत्या, कुठं निळी, कुठं पिस्ता रंगाची, पण त्यानं त्यातूनच नक्षी काढली, आणि माशांची चित्रं असलेल्या चार टाइल्स बरोबर बसल्या माणसाच्या नजरेसमोर लावल्या. गिझर कोपऱ्यातल्या भिंतीला टांगला. टाके पडलेल्या बाईला पाटावर बसता-उठता त्रास होतो, हे त्याला मायाक्काच्या वेळचं आठवत होतं. म्हणून त्यानं बसायला सिमेंटचा गुळगुळीत ओटा केला आणि धरून उठायला भिंतीत लोखंडी कांब रोवली. असलं कुणी सांगून करत नसतं. लेकीवर जीव होता त्याचा, दुसरं काय.

डिसेंबर लागला आणि दिपालीला मुलगी झाली. दवाखान्यातून मायलेकी घरी आल्या त्या दिवशी निंगव्वा आली. निंगव्वा मैंदर्गीकडची, बोलणं अर्धं कन्नड, अर्धं मराठी. बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावून न्हाऊ घालणं हेच तिचं काम, आणि शेळगीतली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हालेली. ती न्हाणीत शिरली, माशांवरून हात फिरवला, ओट्यावर बसून बघितलं.

"चलो माडीदी, तम्मा," ती म्हणाली. चांगलं केलंस, भावा. मंद्रूपच्या माणसाला एवढं कन्नड कळतं, जोतिराम फुलला.

मग निंगव्वाची नजर वर गेली. "पर ह्ये काय? बाळंतिणीच्या डोक्यावरनं वारं जातंय की! वारं एकडाव अंगात शिरलं की म्हातारपणापतोर निगत न्हाय. बुजव ते."

बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही, हे मायाक्काच्या आईनं मायाक्काला सांगितलेलं आणि तिच्या आईनं तिला. कानाला फडकं बांधायचं, खिडकीला गोधडी लावायची, दार ढकलून घ्यायचं. त्यात वाद घालावा असं घरात कुणालाच वाटलं नाही. जोतिराम शिडीवर चढला. चिमण्यांचं घरटं अलगद काढून कुंपणाच्या भिंतीवर ठेवलं आणि जाळीत विटा बसवून वर पांढरं सिमेंट ओढलं. काम असं सफाईनं झालं की तिथं कधी जाळी होती हे सांगूनही खरं वाटलं नसतं. चिमण्या दिवसभर त्या भिंतीवर येऊन आपटत राहिल्या. घरट्याकडं त्या फिरकल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी न्हाऊन आल्यावर दिपाली खाटेवर बसली ती कपाळ धरूनच.

"आप्पा, डोकं लई दुखतंय."

"वारं लागलं," निंगव्वा म्हणाली. "दाराखालनं येतंय बग. गार लागतंय माज्या पायाला."

जोतिरामनं दाराला चहूबाजूंनी रबराची पट्टी मारली. ती पट्टी कारखान्यातल्या जुन्या रोलरची होती, पक्की, दार लावलं की चोखल्यासारखा आवाज यायचा. त्यानंतर दिपालीला मळमळू लागलं. गुडघ्यात जीव नाही म्हणाली. पुन्हा शोध सुरू झाला. मोरीच्या पाइपाभोवती बोटभर भोक होतं, तिथून वारा येत असणार. त्यात त्यानं गोणपाट कोंबून सिमेंट भरलं. लेकीचं डोकं जितकं जास्त दुखे, तितका तो जास्त फटी शोधे, आणि जितक्या फटी बुजत, तितकं तिचं डोकं जास्त दुखे. हे एवढं सरळ होतं, पण घरातला प्रत्येक जण त्याच्याकडं उलट्या बाजूनं बघत होता.

बाळ मात्र गुणाचं निघालं. निंगव्वा त्याला आत पायांवर न्हाऊ घालायची, दुपट्यात गुंडाळून बाहेर आणायची आणि ते जे झोपायचं ते दुपारपर्यंत डोळा उघडायचं नाही. पाजायला घेतलं तरी ओठ हलवायचं नाही. शेजारणी कौतुक करायच्या, लेकरू किती शांत म्हणून. निंगव्वा म्हणायची, "माज्या हाताचं न्हाणं हाय ते."

मायाक्काला एकदा शंका आली. "अवो, न्हाणीत गेलं की माजंबी डोस्कं भनभनतंय. तुमचं?"

त्याचंही दुखत होतं. सगळ्यांच्या शेवटी तो अंघोळ करायचा आणि बाहेर येऊन भिंत धरून उभा राहायचा. पण आपल्या हातच्या कामात खोट असेल हे त्याच्या मनात येणं शक्य नव्हतं. "नव्या सिमेटचा वास आसंल," तो म्हणाला. "आन तुजं बीपी हाय की." गिझरच्या निळ्या ज्योतीला पिवळी जीभ फुटत होती, तीही त्यानं पाहिली होती. सिलिंडर संपत आला असेल, असं म्हणून विषय संपवला.

त्याच आठवड्यातली गोष्ट. कारखान्यात रंगखात्याला लागून बॉयलरची खोली आहे. थंडी फार म्हणून बॉयलरवाल्या कल्लप्पानं दार लावून घेतलं होतं. जोतिराम तिकडून चालला होता, त्यानं लाथ घालून दार उघडलं. "कल्लप्पा, भट्टी पेटवून दार लावतूस व्हय रं? मरायचंय का तुला? भट्टी आदी खोलीतलं वारं खाती आन मग मानसाला खाती. वास न्हाय, धूर न्हाय, बसल्या जागी जातूस. कळतंय का?" कल्लप्पानं मान खाली घातली. आजूबाजूची चार माणसं म्हणाली की फिटरसाहेबांचं बरोबर आहे. आणि पाळी सुटल्यावर हाच माणूस अक्कलकोट रोडवर सायकल थांबवून दुकानातून चौकटीच्या फटीत भरायची डिंकाची नळी घेऊन घरी आला. का, तर चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात केसभर भेग राहिली होती. कारखान्यात होती ती भट्टी आणि घरात होती ती लेकीची न्हाणी. या दोन गोष्टींची त्याच्या डोक्यात गाठच पडली नाही. मला या माणसाचा राग येतो, आणि राग आला की लगेच त्याची कीवही येते.

बारशाच्या दिवशी करमाळ्याची मंडळी जीप करून आली. जावई अमृत, त्याचे वडील, दोघे चुलते, आणि विहीणबाई. अंगणात सतरंजी पडली, पुरुषमाणसं तिथं बसली. विहीणबाई पाय धुवायला न्हाणीत गेल्या. मायाक्काचा जीव टांगणीला लागला. जोतिराम पाळण्याची दोरी बांधायच्या निमित्तानं दारात उभा राहिला, पण त्याचे कान सगळे न्हाणीकडं होते.

विहीणबाई बाहेर आल्या. "अगं बाई! किती झक्क! ते मासे काय, ओटा काय! आन वाऱ्याला कुटं फट न्हाय. कुणी केलं हो हे?"

जोतिरामनं दोरी खाली ठेवली. तळवे पुसले. जरा थांबला.

"म्या केलं."

"आमच्या बाथरूमपेक्षा चांगलं झालंय," विहीणबाई मनापासून म्हणाल्या. सगळ्या अंगणानं ते ऐकलं. इतक्या दिवसांचा काटा त्याच क्षणी निघाला, आणि जोतिरामला वाटलं, आता पुढं काही नाही मिळालं तरी चालेल.

मग दिपाली न्हायला गेली. आज डोक्यावरून न्हायचं होतं. निंगव्वानं आधी बाळाला उरकलं आणि घाईनं बाहेर आणून मायाक्काच्या हातात दिलं. रोज तिच्या ये-जा करण्यानं दार सारखं उघडायचं, ढकललं जायचं, पुन्हा उघडायचं. त्या उघडझापीवरच ते घर इतके दिवस जगलं होतं. आज अंगणात सासरची पुरुषमाणसं बसलेली. "तू घाल पानी, बाळ, मी पाळन्याचं बगते," असं म्हणून निंगव्वा निघाली आणि दिपालीनं आतून कडी लावून घेतली.

चहा झाला. चुलते करमाळ्याच्या बाजारात उडदाला काय भाव निघाला ते सांगत होते. जोतिराम हो-हो करत होता. न्हाणीतून पाण्याचा आवाज येत होता. तांब्याभर पाणी, मग थांबा, पुन्हा तांब्याभर. मग त्यातला थांबा गेला. नळ नुसता वाहू लागला, एकसारखा, बादलीवरून फरशीवर. धागा तुटल्यावरही माग चालतच राहतो, तसा तो आवाज. जोतिरामची मान वळली.

"दिपा?" त्यानं जागेवरूनच हाक मारली.

"न्हाऊ द्या की निवांत," विहीणबाई हसून म्हणाल्या. "माहेरी हाय तवर."

व्याही, चुलते, जावई समोर. लेक न्हात असताना बापानं दारावर कसं जायचं? तो उठला आणि तिथंच घुटमळला. मला विचाराल तर त्या घुटमळण्याचं ओझं त्याला बाकी सगळ्यापेक्षा जड गेलं असेल. मग त्यानं मायाक्काला खुणावलं. तिनं दार वाजवलं. "दिपे? ये दिपे!" पुन्हा वाजवलं. आतून फक्त पाणी.

जोतिराम धावला तेव्हा त्याला लाज-बीज काही उरली नव्हती. त्यानं खांदा मारला. दार हललं नाही. कडी त्यानं स्वतः निवडून घेतली होती, चौकटीत लांब स्क्रू त्यानंच मारले होते, रबराची पट्टी त्याचीच. काम पक्कं होतं. अमृत धावून आला, दोघांनी मिळून लाथा घातल्या, आणि जावयाच्या नवऱ्यापणाची आणि बापाच्या बापपणाची सगळी ताकद लागली तेव्हा कुठं चौकटीसकट दार आत गेलं.

आतून वाफेचा कोंडलेला लोट बाहेर आला. त्याला कसलाही वास नव्हता. गिझरमध्ये ज्योत पिवळीधमक झाली होती आणि वरच्या पांढऱ्या सिमेंटवर काजळी धरली होती. जोतिरामनं ती ज्योत पाहिली आणि स्वतःचेच शब्द त्याला स्वतःच्याच आवाजात ऐकू आले. भट्टी आदी खोलीतलं वारं खाती. ओट्यावरून घसरून दिपाली माशांच्या खाली पडली होती. एक हात त्या लोखंडी कांबीकडं गेलेला, पण पोचलेला नव्हता. गाल लालसर, कुणाला वाटावं आत्ताच छान न्हाऊन निजली आहे.

मायाक्कानं अंगावरची शाल तिच्यावर टाकली. अमृतनं आणि जोतिरामनं तिला उचलून अंगणात, उघड्यावर आणून ठेवलं. गार वारा सुटला होता. निंगव्वा रडत गोधडी घेऊन आली आणि तिच्या कानाडोक्यावरून घालू लागली. "वारं लागंल, तम्मा, वारं लागंल तिला!"

"लागू दे!" जोतिराम ओरडला. त्यानं गोधडी हिसकून लांब फेकली. "वारं लागू दे तिला! सरका समदी! वारं लागू दे!" बारशासाठी काढून ठेवलेलं सूप त्यानं उचललं आणि वेड्यासारखा तिच्या तोंडावर वारा घालू लागला. इतके दिवस ज्यानं घरातून वारा हुसकून लावला, तो माणूस आता गुडघ्यावर बसून वारा मागत होता. जीप निघेपर्यंत त्याचा हात थांबला नाही.

दवाखान्यात दिपालीला आत नेलं, तोंडावर ऑक्सिजनची टोपी लावली. मायाक्काच्या मांडीवरचं बाळही एका नर्सनं उचलून नेलं. बाळ अजून झोपलेलंच होतं, आणि या वेळी त्याला शांत म्हणायचं धाडस कुणाला झालं नाही. अमृत भिंतीकडं तोंड करून उभा होता.

मग डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. वयानं दिपालीएवढ्याच असतील. "शुद्ध येतेय," त्या म्हणाल्या. "जीव वाचेल असं वाटतंय. मेंदूवर किती परिणाम झालाय ते आज सांगता येणार नाही. बाळाच्या रक्तातही गिझरचा तोच विषारी वायू आहे. किती दिवस चाललंय हे?"

मायाक्का बोटांवर दिवस मोजू लागली.

"बाथरूमला खिडकी नाहीये? जाळी वगैरे?"

"व्हती," मायाक्का म्हणाली.

"मग बंद कुणी केली? आणि आत गिझर कुणी बसवला?" डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. "मी विचारतेय, कुणी केलं हे?"

विहीणबाईंनी जोतिरामकडं बघितलं. अमृतनं भिंतीकडची मान वळवली. मायाक्का जन्मात कधी नवऱ्यासाठी खोटं बोलली नव्हती, पण आता ती पुढं झाली. "मिस्त्रीनं," ती म्हणाली. "मिस्त्री लावला व्हता, बाई. त्येनं केलं."

जोतिरामनं तिला हातानं बाजूला केलं. हात सिमेंटनं भेगाळलेले होते, त्यावर अजून काजळी होती. त्यानं दोन्ही तळवे सदऱ्याला पुसले. जरा थांबला.

"म्या केलं," तो म्हणाला.